टीचरक्का आणि बाळंतपणाची तालीम

खोली बघायला गेलो तेव्हा टीचरक्कांनी आम्हाला आधी खोली दाखवलीच नाही. जिना चढायला लावला. पहिल्यांदा नवऱ्याला, मग मला. स्वतः खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या. नवरा वर पोचेपर्यंत धापा टाकायला लागला. बिदरबाहेरच्या कोळार वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गोदामात दिवसभर खुर्चीत बसून आवक-जावक बघणारा माणूस तो. मी चढले, उतरले आणि पदर सारखा करत त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"हुलसूरकडची काय गं तू?"

"व्हय. कसं वळखलाव?"

"चालीवरनं. रानात चाललेले पाय हायेत. बिदरला आल्यावर पोरी ही चाल विसरून जातेत. तू विसरू नकोस." मग नवऱ्याकडं वळल्या. "अन् तुमी रोज दोनदा खालीवर करा. खोली दिली."

त्यांचं खरं नाव मला पुढं कितीतरी दिवसांनी विजेच्या बिलावर वाचून कळलं. सगळी गल्ली त्यांना टीचरक्काच म्हणायची. मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि निवृत्त झाल्या तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगावर इरकली साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाला जायचं असो की भाजीला, बूट तेच. सकाळी लिंगपूजा झाली की अंगणातून त्यांचा आवाज सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. हुकूम द्यायचा तर कन्नडात, रागवायचं तर मराठीत आणि लाड करायचे तर दखनी उर्दूत, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली होती. त्यामुळं दूधवाल्याशी त्या काय बोलताहेत हे ऐकू आलं नाही तरी नुसत्या भाषेवरून दूध पातळ आलंय की घट्ट ते समजायचं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. कामून केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मॅचच्या तारखा अन् मुहूर्त कदी जुळलेच न्हाईत." शाळेच्या पोरींना घेऊन थ्रोबॉलसाठी त्या अख्खं कर्नाटक फिरल्या होत्या. त्यातल्याच एका पोरीनं पुढं डॉक्टर होऊन बिदरात बाळंतपणाचा दवाखाना काढला. पन्नाशीकडं झुकलेली ती डॉक्टरीणबाई टीचरक्का दिसल्या की अजूनही ताठ उभी राहायची.

निवृत्त झाल्यावर टीचरक्कांनी पहिलं काम केलं ते हे, की गच्चीवर गरोदर बायकांचा वर्ग सुरू केला. त्याचं कारण त्यांनी मला एकदा ज्वारी निवडता निवडता सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीची लेक बाळंत होत होती. पोरगी शाळेत धावण्यात पहिली यायची. पण त्या दिवशी भीतीनं तिची दातखीळ बसली. कुणी तिला काही सांगितलंच नव्हतं. पोटात काय चाललंय, कळ का येते, दोन कळांच्या मधी काय करायचं, काहीच नाही. "धावायच्या आदी आमी पोरीला म्हयनाभर पळायला लावतो," त्या म्हणाल्या. "अन् एवढं मोठं काम, त्याला तयारीच न्हाई? बाई थेट मैदानात?" मग त्या हैदराबादला जाऊन रीतसर शिकून आल्या. शिकवणाऱ्या नर्सबाई त्यांच्या निम्म्या वयाच्या होत्या. त्यांच्यासमोर टीचरक्का पहिल्या बाकावर बसून हात वर करून प्रश्न विचारायच्या म्हणे.

मला दिवस गेले तशी मीही त्या वर्गात जायला लागले. वर्गाचा पहिला नियम, डॉक्टरणीनं 'चालेल' म्हटल्याशिवाय गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. दुसरा नियम, 'दुखतंय' हा शब्द बोलायचा नाही. कळ म्हणायचं. "कळ येती अन् जाती. दुखणं बसून ऱ्हातंय. तुमाला येणारं जाणारं पायजे का बसून ऱ्हाणारं?" तिसरा नियम, टीव्हीवरच्या मालिकेतलं बाळंतपण बघायचं नाही. "तितं बाई एकदा वरडती अन् दुसऱ्या मिनिटाला धुतलेलं पुसलेलं लेकरू हातात. खोटं बगून खरं भ्या कामून वाटून घ्यायलाव?"

कळ सोसायची सवय व्हावी म्हणून त्या उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणायच्या आणि एकेक खडा आमच्या मुठीत द्यायच्या. मूठ मिटायची, डोळे मिटायचे, आणि बर्फ बोचायला लागला की लांब श्वास सोडायचा. "उसिरु! उसिरु!" असं ओरडत त्या आमच्यामधून फिरायच्या. कन्नडात उसिरु म्हणजे श्वास. एकदा भर उन्हाळ्यात शेजारची नव्यानं गरोदर राहिलेली सून मूठ उघडून निवांत बसलेली दिसली. बर्फ नाही.

"बर्फ कहां गया?"

"मैं खा ली, टीचरक्का. गर्मी बोत है."

सगळ्या बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. टीचरक्कांनी शिट्टी तोंडाशी नेली, मग खाली घेतली. "खा ली तो खा ली अम्मा. अब दूसरा पकड. ये वाला नक्को खाना." हे दखनीत आलं म्हणजे लाड, असं आम्ही समजलो.

एका रविवारी त्यांनी सगळ्यांच्या नवऱ्यांना बोलावलं. हे आमच्याकडं कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. पाचसहा जण आले, भिंतीला टेकून उभे राहिले, एकमेकांकडं बघून मिशीत हसायला लागले. टीचरक्कांनी ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या आणल्या आणि एकेकाच्या पोटावर उपरण्यानं करकचून बांधल्या. मग म्हणाल्या, "आता खाली वाका अन् बुटाची नाडी बांदा." माझ्या नवऱ्याच्या नाडीची गाठ काही पडेना. कपाळावर घाम आला. टीचरक्का त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "जावईबापू, हे तुमी दोन मिनिटं केलाव. ती म्हयनेच्या म्हयने करायलीय. घरी गेल्यावर पाणी कुणी भरायचं?" त्या दिवसापासून आमच्या घरातलं पिण्याचं पाणी नवरा भरायला लागला आणि आजही तोच भरतो.

सातव्या महिन्यात माझ्या सासूबाई ठाणाकुशनूरहून आल्या. आल्या त्याच कपाळाला आठ्या घालून. त्यांनी गच्चीवर येऊन बघितलं. आम्ही सगळ्याजणी हातापायांवर वाकून मांजरासारखी पाठ वर उचलत होतो.

"ह्ये काय करायलाव?" सासूबाई म्हणाल्या. "आमी शेतात बाळंत झालो. सकाळी तूर काडली अन् दुपारला लेकरू. आमाला कुणी मांजर केलं न्हवतं."

"म्हंजी तुमी सकाळी वाकून तूर काडलाव," टीचरक्का म्हणाल्या. "हितं तूर कुटं हाय? म्हणून मांजर."

सासूबाईंनी मग ठेवणीतलं काढलं. "पर बाई, तुमी सोता कुटं बाळंत झालाव? तुमाला त्यातलं काय कळतंय?"

मला वाटलं आता खोली खाली करावी लागणार. टीचरक्कांनी मात्र शांतपणे सतरंजीची सुरकुती पायानं सरळ केली. "मी थ्रोबॉल बी कदी टीममदनं खेळले न्हाई, अक्का. उंची कमी पडली. पर माज्या पोरी स्टेटला जिकून आल्या." एवढं बोलून पुन्हा आमच्याकडं वळल्या. "पाठ वर! कोण बसायला सांगितलं?"

या सगळ्यात माझं काय झालं ते सांगते. माझ्या नणंदेचं गुलबर्ग्याला ऑपरेशन होऊन बाळंतपण झालं होतं आणि तिचं पुढचं सगळं मी बघितलं होतं. टाके, ताप, उठता येईना, बसता येईना. मी मनाशी घट्ट ठरवलं की आपलं असं होऊ द्यायचं नाही. नैसर्गिकच. मी वर्गात एक दिवस चुकवला नाही. उकिडवं बसणं, चालणं, श्वास, सगळ्यात मी पुढं. टीचरक्का मला कॅप्टन म्हणायला लागल्या. नवीन बाई आली की तिला माझ्याशेजारी बसवायच्या. "हिच्याकडं बग. ही एकदम कडक तयार व्हायलीय." मला ते फार आवडायचं. इतकं की ऑपरेशन हा शब्द कुणी काढला तर मी तिथून उठून जायची. टीचरक्काही तो शब्द काढत नसत.

दिवस भरले आणि एका सकाळी भाकऱ्या थापताना मला कळा सुरू झाल्या. मी घाबरले नाही. उरलेल्या भाकऱ्या केल्या, अंघोळ केली, अंगणात फेऱ्या मारल्या. टीचरक्का माझ्याबरोबर पावलाला पाऊल लावून चालत होत्या. कळ आली की मी जिन्याच्या कठड्याला टेकून श्वास सोडायची आणि नवरा कंबर चोळायचा. दुपारच्या सुमाराला आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हसून म्हणाल्या, "छान चाललंय. टीचरक्कांचा हात दिसायलाय." टीचरक्का बाहेर बाकावर बसल्या. आत एकालाच राहायला देत, म्हणून सासूबाई माझ्याजवळ.

मला अजूनही वाटतं, ते पहिले काही तास माझ्या आयुष्यातले फार चांगले तास होते. मला सगळं येत होतं. प्रत्येक कळ ओळखीची वाटत होती.

मग पाणी गेलं. ते स्वच्छ नव्हतं, हिरवट होतं. सिस्टरनं बाळाचे ठोके ऐकले, पुन्हा ऐकले आणि लगबगीनं बाहेर गेली. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला कुशीवर वळवलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, थोडा वेळ यंत्राकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बदललेला होता.

"बाळाचे ठोके उतरायलेत. कळ गेल्यावरबी वर यायला वेळ लागायलाय. बाळानं आत शी केलीय. आता थांबता येत नाही. सिझर करायचं."

"नको," मी म्हणाले.

"अगं ऐक—"

"नको. मी करते. माझा श्वास नीट आहे. अजून थोडं थांबा."

सासूबाई मधे पडल्या. "थांबा की हो डॉक्टर. पहिलटकरीण हाय, येळ लागतंच. आमचं शेतात—" नवऱ्याला आत बोलावलं तर तो एकदा माझ्याकडं, एकदा डॉक्टरणीकडं बघायला लागला. मी पलंगाची दांडी धरून बसले. मला त्या क्षणी बाळाचं काही दिसत नव्हतं, हे मी खरं सांगते. मला गच्ची दिसत होती आणि माझ्याकडं बघत बसलेल्या बाया दिसत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडून हाक मारली, "टीचर!" शाळेतल्या पोरीनं मारावी तशी.

टीचरक्का आत आल्या. त्यांनी आधी डॉक्टरणीला विचारलं, "थांबून चालतंय का?"

"न्हाई टीचर."

बस्स. दुसरा प्रश्न नाही. त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता या माझ्या बाजूनं बोलतील. मी म्हणाले, "टीचरक्का, सांगा ना यांना. मी एवढी तयारी केली. शेवटच्या घटकेला मैदान सोडू?"

"कसलं मैदान?" त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गार पडलेले होते. "हितं मैदान बी न्हाई अन् मॅच बी न्हाई. तुजं लेकरू आत दमायलंय. त्याला भाईर काडायचंय, लवकर काडायचंय. कोणत्या दारानं ते डॉक्टर बगतील. तू फकस्त 'व्हय' म्हण."

"मग सगळं वाया गेलं."

"काय वाया गेलं? सकाळपासनं तू त्याला हितवर आणलीस. आता ह्यांच्या हातात दे. दे पोरी, दे."

ते 'दे पोरी' त्या इतक्या हळू म्हणाल्या की मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांचे डोळे भरलेले होते. मी टीचरक्कांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मी 'व्हय' म्हणाले. नवऱ्यानं सही केली. सासूबाई काही बोलायला गेल्या तेव्हा टीचरक्कांनी त्यांचा हात धरला आणि बाहेर नेऊन बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, हात सोडला नाही. हे नवऱ्यानं मला नंतर सांगितलं.

आत मला टेबलावर बसवलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, पाठीत सुई द्यायची आहे, पाठ बाहेर काढून वाका, हलू नका. तेवढ्यात कळ आली. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी मांजर केलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि लांब श्वास. कळ माझ्यावरून गेली आणि मी हलले नाही. "वा," डॉक्टर म्हणाले, "कुठं शिकलात?" मी रडत होते, पण श्वास मात्र चुकला नाही.

मुलगी झाली. नाळेचा वेढा मानेला होता. ती लगेच रडली नाही. पडद्यापलीकडं माणसांची धावपळ ऐकू येत होती आणि मी छताकडं बघत होते. मग आधी मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला, आणि मग ती रडली. चांगली खणखणीत रडली. बाहेर बाकावर सासूबाईंनी टीचरक्कांच्या खांद्यावर डोकं टेकलं म्हणे.

पण माणसाचं मन विचित्र असतं. मुलगी सुखरूप कुशीत होती आणि मला मात्र आपण नापास झालो असं वाटत होतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "एवढं मांजर-कुत्रं करून शेवटी पोट फाडलंच की." दोन दिवसांनी टीचरक्का आल्या. मी भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी शिट्टी काढून उशाशी ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. 

"माजं चुकलं," मग त्या म्हणाल्या. "म्या तुमाला एकच रस्ता दावले. दुसरा बी रस्ता हाय, अन् तितनं बी जावं लागतंय, हे म्या बोलायलाच भ्याले. सिझरचं नाव काडलं तर पोरी खचतील म्हणलं. तुज्यावर तर त्यानं जास्तच वज्जं पडलं. कॅप्टन कॅप्टन करून."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. "होऊ दे रडून," म्हणाल्या. "जे ठरवलीस ते झालं न्हाई. वाईट वाटायचंच. लेकरू ब्येस हाय म्हणून वाईट वाटायचं न्हाई, असं कुटं असतंय?" दोन दिवस हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी थांबले होते, ते मला तेव्हा कळलं.

मग त्या उभ्या राहिल्या. "आता ऊठ. झालं रडून. सरळ उठायचं न्हाई. गुडघं मोड. कूस वळ. वरच्या हाताचा पंजा गादीवर टेक, खालच्या कोपरावर भार घे, पाय खाली सोड, मग ऊठ. टाक्यावर उशी धर. उसिरु!" सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. घरी आल्यावर मला रोज असंच उठवायचं काम त्यांनीच केलं. बाळंतपणाला मी माहेरी न जाता बिदरलाच राहिले, आणि सासूबाईही परत ठाणाकुशनूरला गेल्या नाहीत.

मी पुन्हा गच्चीवर गेले तेव्हा मुलगी मान धरायला लागली होती. गच्चीत मधोमध एक लाकडी बाक ठेवलेला. टीचरक्कांनी वर्गात नवीन धडा घातला होता. ऑपरेशन झालं तर काय होतं, पाठीत सुई कशी देतात, नंतर दूध कसं पाजायचं, बाकावरून कूस वळून कसं उठायचं. प्रत्येकीनं उठून दाखवायचं. हे कळल्यावर निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. अभद्र बोलतेत म्हणाल्या. टीचरक्का उरलेल्यांना शिकवत राहिल्या. एके दिवशी तर दोघीच होत्या, तरी तेवढ्याच मोठ्यानं.

त्याच दिवसांत एक सासू भांडायला आली. सून खाली मान घालून मागं उभी. "माज्या सुनंला पोट फाडायचं शिकवायलाव का?" ती टीचरक्कांवर गरजली. "चांगलं बोलायचं सोडून हे काय वाटंला लावायलाव पोरीला?"

टीचरक्कांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी आवाज आला तो कोपऱ्यातून. माझ्या सासूबाई नातीला मांडीवर घेऊन तिथं उन्हाला बसल्या होत्या.

"शिकू द्या की वं," सासूबाई म्हणाल्या. "मी बी तुमच्यावानीच बोलत व्हते. डॉक्टर थांबता येत न्हाई म्हणायले अन् मी थांबा म्हणत व्हते. ही बाई नसती तर आज माजी मांडी रिकामी असती." त्यांनी नातीला माझ्याकडं दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्या भांडायला आलेल्या बाईचा हात धरून तिला बाकापाशी आणलं. "शिकून ठिवलं तर पोट फाटत न्हाई. फाटलंच तर उटता येतंय. बगा, मी दावते."

आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी सगळी बाळंतपणं शेतात केली होती, साडीचा काष्टा सावरत सगळ्यांसमोर त्या बाकावर उताण्या निजल्या. गुडघे मोडले. कुशीवर वळल्या. कोपरावर भार घेतला, पाय खाली सोडले, आणि हळूहळू उठून बसल्या. गच्चीवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. भांडायला आलेली बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि तिनं सुनेला पुढं ढकललं. सासूबाई दमल्या होत्या, पण लग्नात मिरवावं तशा चेहऱ्यानं त्यांनी टीचरक्कांकडं बघितलं.

टीचरक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"उशी कुटं हाय?" त्या म्हणाल्या. "टाक्यावर उशी धरली न्हाई. पुन्ना."

सासूबाईंनी उशी मागून घेतली आणि पुन्हा आडव्या झाल्या.